बालचित्रे : शोध आणि संवाद

लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधी मूल रेघ ओढू लागते. कोळशाचा तुकडा, खडू, ओल्या वाळूवर फिरणारे बोट, जेवताना ताटात सांडलेल्या वरणातून ओढलेला ओरखडा, साधन कोणतेही चालते. दीड-दोन वर्षांच्या त्या जिवाला एका गोष्टीचा शोध लागलेला असतो : आपण हात हलवला आणि हात उचलल्यावरही मागे काहीतरी उरले. पुढे वर्ष-दीड वर्षाने रेघांच्या त्या गुंत्यातून एक वर्तुळ नीट मिटते, त्यात दोन ठिपके पडतात आणि ती ‘आई’ होते. वर्तुळातूनच खाली दोन पाय निघालेले असतात, धड नसतेच. मोठी माणसे हसतात आणि धड कुठे गेले म्हणून विचारतात. मुलाला त्या प्रश्नाचे नवल वाटते. आईचे डोळे आहेत, आई चालते, आणखी काय पाहिजे?

बालकांच्या चित्रांचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत फ्रेंच अभ्यासक ल्युके याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. लहान मूल डोळ्यांना दिसते तसे काढीत नाही, त्याला ठाऊक असते तसे काढते. मोटारीला चार चाके असतात हे त्याला ठाऊक आहे, म्हणून बाजूने काढलेल्या मोटारीलाही ते चारही चाके एका ओळीत लावते. घरात माणसे असतात हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याच्या चित्रातल्या घराची भिंत पारदर्शक होते आणि आत चूल, पाळणा व झोपलेले आजोबा दिसू लागतात. मोठ्यांच्या लेखी ही चूक असते. मुलाच्या लेखी ती पूर्ण माहिती असते.

तथापि या विवेचनाला आणखी एक बाजू आहे, आणि तीच आजच्या विषयाचा गाभा होय. मूल ठाऊक असलेले काढते हे खरे. परंतु त्याला ते ठाऊक होते कसे? पुष्कळ वेळा ते काढता काढताच होते. कोंबडी रोज अंगणात फिरत असते आणि मूल रोज तिच्या मागे धावत असते. पण कागदावर कोंबडी काढायला बसले की पायापाशी आल्यावर हात थांबतो. पायाला बोटे किती? पुढे तीन की चार? मागे एखादे असते का? मूल उठते, अंगणात जाते आणि उकिडवे बसून प्रथमच कोंबडीच्या पायाकडे पाहते. पेन्सिलीने त्याला एक प्रश्न दिला, तो प्रश्न त्याला वस्तूकडे घेऊन गेला आणि वस्तूने उत्तर दिले. भोवतालच्या जगाचा शोध म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसतो. शास्त्रज्ञाची वही आणि बालकाचा कागद यांचे गोत्र एकच.

शोध लागला की तो कोणाला तरी सांगावासा वाटतो. मूल कागद उचलून धावत येते आणि ‘हे बघ’ म्हणते. चित्र काढण्याइतकीच ही धावही स्वाभाविक आहे. आजवर ती स्वयंपाकघरापर्यंत, फार तर शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाऊन थांबत असे. आता आईवडिलांच्या हातात फोन आहे. कागदावरचा रंग सुकण्यापूर्वीच चित्राचे छायाचित्र निघते, ते इंटरनेटवरून नातेवाइकांच्या, शाळेच्या, ओळखीपाळखीच्या शंभर माणसांपर्यंत जाते आणि अर्ध्या मिनिटात पसंतीचे अंगठे उगवू लागतात. या सोयीने मुलाच्या शोधाला बळ मिळते की त्या शोधाची वाट बदलते, हा प्रश्न श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरात आज उभा आहे. सुदैवाने तो वाटतो तितका नवा नाही. मुलांनी आपला भोवताल चित्रांतून व शब्दांतून टिपावा आणि दूरच्या मुलांना कळवावा, हा प्रयोग होऊन शंभर वर्षे होत आली.

तो प्रयोग करणारा शिक्षक म्हणजे फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. वर्गात तास तास बोलणे त्याला झेपत नसे. १९२० साली तो दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातल्या बार-स्युर-लू या खेड्यात प्राथमिक शाळेवर रुजू झाला. फ्रेने मुलांना घेऊन बाहेर पडे. ओढ्याकाठी, ऑलिव्हच्या आणि कडू संत्र्यांच्या बागांतून, सुताराच्या व लोहाराच्या दुकानांवरून ही शाळा फिरत असे. परत आल्यावर जे पाहिले ते मुले सांगत, लिहीत आणि चितारीत. १९२४ साली त्याने वर्गात एक छोटे छापयंत्र आणले. मुले स्वतःच्या हाताने खिळे जुळवीत, चित्रांचे ठसे कोरीत आणि आपल्या मजकुराची पाने छापीत. पुढे दोनच वर्षांनी ही पाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक समुद्राकाठच्या ब्रिटनी प्रांतातील त्रेगुंक गावच्या शाळेकडे टपालाने जाऊ लागली, आणि तिकडची पाने इकडे येऊ लागली.

या देवाणघेवाणीत काय घडत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. डोंगरातल्या मुलाला ऑलिव्हचे झाड हे सांगण्याजोगे काही आहे असे एरवी वाटले नसते. ते त्याच्या दाराशीच होते. पण समुद्राकाठच्या ज्या मुलाने ते झाड कधी पाहिलेले नाही, त्याला ते दाखवायचे म्हटले की पान वरून कसे आणि खालून कसे, खोड सरळ की पिळलेले, हे सारे पाहावे लागते. तद्वतच कोळ्याच्या मुलाला आपल्या होडीकडे नव्याने बघावे लागते. दूरचा वाचक मिळाला म्हणून जवळची वस्तू दिसू लागली, असा हा उलटा न्याय आहे. शिवाय टपालातून उत्तर येई आणि त्या उत्तरात प्रश्न असत. त्या प्रश्नांनी मुले पुन्हा रानात जात. चित्र पाठविण्याने शोध संपत नसे, तो पुढच्या फेरीला लागे.

टपालाने चित्रे पाठविण्याची एक थोर परंपरा आपल्या देशातही आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लै यांनी १९४९ साली दिल्लीहून मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय झाली. देशोदेशींच्या बालकांची चित्रे भारतात आली, त्यांना पारितोषिके मिळाली, त्यांचे संग्रह निघाले. मुलांची चित्रे जपून ठेवण्यासारखी असतात ही जाणीव या उपक्रमाने अनेक भारतीय घरांत रुजविली. मात्र स्पर्धेचे टपाल आणि फ्रेनेच्या शाळेचे टपाल यांत एक फरक होता, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. स्पर्धेच्या टपालातून निकाल येतो. मित्राच्या टपालातून प्रश्न येतो. दोहोंचे मुलाला मोल असते. पण निकाल त्याला चित्राविषयी काही सांगतो, आणि प्रश्न त्याला वस्तूकडे परत धाडतो.

बालकांच्या चित्राला शोधाचे साधन मानून त्यावर शिक्षणाची सारी इमारत उभारणारे गाव म्हणून आज उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या शहराचे नाव जगभर घेतले जाते. त्याची कहाणी दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून सुरू होते. २५ एप्रिल १९४५ रोजी इटली मुक्त झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातील शेतकऱ्यांनी व मजुरांनी, पळून गेलेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकले आणि आलेल्या पैशांतून लहान मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पडलेल्या घरांच्या विटा त्यांनी वेचून आणल्या, नदीतली वाळू उपसली आणि रविवारी व रात्री काम केले. ही वार्ता ऐकून लॉरिस मालागुत्सी नावाचा पंचवीस वर्षांचा शिक्षक सायकलवरून तेथे गेला आणि पुढे जन्मभर या कामाचा झाला. १९६३ साली नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा उघडली. मागाहून प्रत्येक शाळेत एक चित्रशाळा आणि तीत कलेचे शिक्षण झालेली एक व्यक्ती असावी असा प्रघात पडला. मालागुत्सी १९९४ साली निवर्तला. शाळा चालू आहेत. मुलाला शंभर भाषा येतात आणि शाळा व समाज मिळून त्यांतल्या नव्याण्णव काढून घेतात, असे त्याचे म्हणणे होते. रेघ, रंग, माती, तार, सावली या सर्वांना तो भाषाच मानी.

तेथील दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत आणि ते मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. पहिला सिंहाचा. शहरातील सान प्रोस्पेरो चर्चसमोरच्या चौकात दगडी सिंह बसलेले आहेत. भोवती बाजार भरतो आणि येणारेजाणारे त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. एका बालशाळेची मुले त्या सिंहांची चित्रे काढायला गेली. त्यांनी आरंभी कागद हातात घेतलाच नाही. त्यांनी सिंहाला हात लावून पाहिला, त्याच्या पाठीवर बसून पाहिले, जबड्यात बोटे घातली, आयाळीचे वळसे चाचपले, आपल्या अंगाशी त्याची उंची ताडून पाहिली, पुढून, मागून आणि खालून त्याला न्याहाळले. मग तेथेच बसून चित्रे काढली. शाळेत परतल्यावर सिंह मातीत घडविले, त्यांच्या सावल्यांशी खेळ केले आणि पुन्हा चितारले. या साऱ्या खटाटोपाचा एक चित्रपट १९८७ साली तयार झाला. तो पाहताना एक गोष्ट मनात ठसते. मुलांचे सिंह एकमेकांसारखे नाहीत. प्रत्येकाने आपल्याला भेटलेला सिंह काढला आहे.

दुसरा प्रसंग टेबलाचा. दियाना नावाच्या शाळेत एका वर्गाला आणखी एक टेबल हवे होते, आहे त्यासारखेच. सुतार आला आणि त्याने माप मागितले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना माप म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. शिक्षिकांना फूटपट्टी काढून देणे सहज शक्य होते. त्यांनी ती दिली नाही. मुलांनी बोटांनी मोजले, वितीने मोजले, पायांनी मोजून पाहिले. एकाची वीत दुसऱ्याच्या वितीशी जुळेना. त्यांनी कागदाच्या पट्ट्या करून त्यांवर आपल्याच मनाने आकडे लिहिले, तेही एकमेकांशी जुळेनात. अखेर एका मुलाने पायातला बूट काढून टेबलावर ठेवला. बूट कोणाच्याही हातात असला तरी तेवढाच राहतो, हे सर्वांना पटले. टेबलाचे चित्र काढून त्यावर बुटांचे माप मांडले गेले आणि तेथून मुले आपण होऊन मीटरच्या पट्टीपाशी आली. माप सुताराकडे गेले आणि टेबल तयार झाले. या प्रसंगाची पुस्तिका १९९७ साली निघाली. तीत मुलांची चित्रे आहेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांचे बोलणे आहे. कोण काय म्हणाले, कोणाचे कोणी खोडले आणि शेवटी सर्वांना कशाने पटले, हे सारे तीत नोंदलेले आहे.

या नोंदीतच रेज्जो एमिलियाच्या पद्धतीचे मर्म आहे. तेथे शिक्षिका मुलांचे बोलणे टिपून घेतात, काम चालू असतानाची छायाचित्रे काढतात आणि चित्राशेजारी त्या चित्राची जन्मकथा भिंतीवर लावतात. आईवडील येऊन ती वाचतात; मुलेही आपले कालचे विचार पाहून आज ते बदलतात. १९८१ साली या साहित्याचे एक प्रदर्शन शहराबाहेर निघाले आणि पुढे वर्षानुवर्षे अनेक देशांतून फिरले. २००० साली तर मुलांनी आपल्या शहराची मार्गदर्शिकाच काढली, पाहुण्यांना शहर दाखविणारी. म्हणजे याही शाळांनी मुलांचे काम जगापुढे ठेवलेच. परंतु त्यांनी नुसते चित्र कधी पाठविले नाही. चित्रामागचा शोध बरोबर पाठविला.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमचे काम चालू असताना, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ साली तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. सेवाग्रामच्या मुलांच्या दिवसात शेत होते, चरखा होता, स्वयंपाकघर होते, विहीर होती. त्यांची चित्रे या जगण्यातूनच निघत. चित्रकला ही आठवड्यातून एक तास बसण्याची गोष्ट नसून साऱ्या शिक्षणाचा पाया होय, या निष्ठेने देवीप्रसादांनी ते काम केले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. इकडे ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी, ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना तेथलीच. गुरे राखणारी मुले जेथे असतील त्या कुरणातच शाळा भरविण्याचा प्रयोगही तेथेच झाला. परदेशी महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, काड्या आणि खडे आले. आदिवासी पाड्यातल्या मुलाच्या हातात त्याचाच भोवताल साधन म्हणून देणे, हे त्या दिवसांत केवढे धाडस होते!

त्यानंतर काळ पालटला आणि चित्राला पडद्याचे पंख फुटले. त्या पंखांचे सामर्थ्य २०२० च्या मार्चमध्ये साऱ्या जगाने पाहिले. करोनाच्या साथीने इटली हवालदिल झाली होती. ८ मार्चला उत्तरेकडील ज्या भागांची नाकेबंदी झाली त्यांत रेज्जो एमिलियाही होते, आणि दुसऱ्या दिवशी सारा देशच बंद झाला. शाळा बंद, अंगण बंद, मित्र बंद. अशा वेळी इटलीतील मुले कागदांवर, चादरींवर इंद्रधनुष्ये काढू लागली आणि ‘सर्व काही ठीक होईल’ अशा अर्थाचे शब्द लिहून ती खिडक्यांत व सज्जांत टांगू लागली. त्यांची छायाचित्रे इंटरनेटवरून पसरली. पाहता पाहता स्पेन, ब्रिटन, कॅनडा अशा देशांतील खिडक्यांतही इंद्रधनुष्ये उगवली. रस्त्याने एकट्यादुकट्या जाणाऱ्या माणसाला त्या खिडक्यांमागे मुले आहेत हे कळत होते, आणि मुलांना बाहेर आपल्यासारखीच मुले आहेत हे कळत होते. चित्र दूर पोहोचविण्याच्या साधनाची याहून मोठी कृतार्थता कोणती?

आपल्याकडेही त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देश बंद झाला. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांनी फोनवरून वर्ग चालविले आणि मुलांनी चित्रे काढून फोनवरूनच पाठविली. जेथे फोन नव्हता किंवा डोंगराआड लहरी पोहोचत नव्हत्या, तेथील मुलांची चित्रे कोणीच पाहिली नाहीत, हेही विसरता येत नाही. मात्र त्या दिवसांतील चित्रांकडे नीट पाहिले तर एक भेद दिसतो. इंद्रधनुष्य हे सर्वांनी मिळून दिलेल्या धीराचे चिन्ह होते, म्हणून ते सर्वांचे सारखे असणे रास्तच होते. परंतु ज्या मुलाने आपल्या खिडकीतून खरोखर जे दिसले ते काढले, त्याचे चित्र वेगळेच असणार. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एकटे फिरणारे आजोबा, कुलूप लावलेले वाण्याचे दुकान, मोकळ्या रस्त्यावर बिनधास्त पसरलेली कुत्री, हे ज्याने काढले त्याने त्या वर्षाचा पुरावा ठेवला. धीराचे चित्र एकदा पसरले की त्याचे काम होते. शोधाचे चित्र मात्र कोणीतरी थांबून वाचावे लागते.

आजची अडचण नेमकी येथे आहे. पडदा चित्र पोहोचवितो फार लवकर, आणि वाचायला अवकाश देत नाही. शंभर माणसे अंगठा उमटवितात. कोंबडीच्या पायाला चार बोटे का, हे एकही विचारीत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला संख्येचा मोह लवकर कळतो. मागच्या चित्राला अधिक अंगठे मिळाले होते हे त्याच्या कानावर पडते आणि पुढच्या वेळी ते कोंबडीकडे न पाहता मागच्या चित्राकडे पाहते. ज्या सूर्याला, ज्या डोंगराला, ज्या फुलाला वाहवा मिळाली, तेच पुन्हा पुन्हा निघू लागतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली वळणाची नदी, बाजूला एक झोपडी, हे चित्र इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शाळांतून निघत आले आहे. कधीही डोंगर न पाहिलेली मुलेही ते काढतात. पडद्याच्या वाहवेने असले ठोकळे आणखी पक्के होण्याचे भय आहे. चित्र काढताना मुलाची नजर वस्तूवरून पडद्यावर गेली, तर हाताला रंग राहील, पण शोध थांबेल.

दुसरी गोष्ट मुलाच्या मानाची आणि सुरक्षिततेची आहे. चित्राबरोबर बहुधा मुलाचा चेहरा जातो, नाव जाते, गणवेशावरील शाळेचे नाव जाते, कधी घराचा पत्ताही जातो. गेलेले परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या संहितेचे तेरावे कलम मुलाला कलेच्या रूपाने किंवा त्याला आवडेल त्या माध्यमातून आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार देते. तिचेच सोळावे कलम त्याच्या खाजगी जीवनाला संरक्षण देते. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक भारतीय कायद्यानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली आहे. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली म्हणजे पालकाचे कर्तव्य उघड होते. मुलाने बोलावे, आणि आपले बोलणे कोणापर्यंत जावे हे ठरविताना त्यालाही विचारले जावे. ‘हे आजीला पाठवू का?’ असा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला सहज समजतो. ते कधी ‘नको’ म्हणते. तो नकार मानला गेला तर, चित्र आपले आहे, ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागत नाही.

मग साधन टाकून द्यावे काय? तसे करण्याचे कारण नाही. बार-स्युर-लूच्या शाळेने टपाल टाकून दिले नव्हते. टपाल कशासाठी हे तिने ठरविले होते. त्या शाळेच्या अनुभवातून आणि रेज्जो एमिलियाच्या भिंतींवरून काही साध्या गोष्टी घरोघर आणता येतात. चित्र हाती आल्यावर ‘हे काय आहे?’ असे विचारू नये, ‘वा, छान!’ म्हणून मोकळेही होऊ नये. ‘याच्याविषयी सांग ना,’ असे म्हणावे आणि गप्प बसावे. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागे लिहून ठेवावे, तारीख घालावी. पाठवायचे तर चित्राबरोबर ते शब्द पाठवावेत. चेहरा पाठविण्याची गरज नसते. शंभरांना पाठविण्यापेक्षा एकाला पाठवावे, आणि त्या एकाने उत्तर द्यावे असा आग्रह धरावा. उत्तर शक्यतो चित्राचेच असावे, आणि त्यात एखादा प्रश्न असावा.

मराठी माणसे आज देशभर विखुरलेली आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर येथे मराठी घरे आहेत आणि बऱ्याच घरांचे आजोळ कोकणात, वऱ्हाडात किंवा सातारच्या माणदेशात आहे. रत्नागिरीच्या बालवाडीतील मुलाने पावसातली पागोळी काढून इंदूरच्या मुलाकडे पाठवावी. इंदूरच्या मुलाने विचारावे : पाणी पन्हळीतून पडते की थेट कौलांवरून? तो मुलगा पुन्हा पडवीत जाऊन उभा राहील आणि आजवर रोज पाहिलेल्या पागोळ्या प्रथमच मोजील. उलट टपाली इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली येईल, आणि तिच्यातल्या कढईचा आकार इकडच्या मुलाला चकित करील. फोनला हे काम येते. त्याला ते सांगितले मात्र पाहिजे.

शाळांनाही हे अवघड नाही. वर्गातल्या तीस मुलांना एकच चित्र फळ्यावर काढून देण्याऐवजी तीस मुलांना शाळेभोवती एक फेरी मारू द्यावी. कुंपणावरची वेल, पाण्याची टाकी, झाडाखाली बसलेला चांभार, शेजारच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, ज्याला जे भेटेल ते त्याने काढावे. बाईंनी त्यांचे बोलणे टिपावे. महिन्यातून एकदा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेशी या कागदांची अदलाबदल व्हावी, टपालाने किंवा फोनने. खर्च नगण्य आहे. लागतो तो वेळ, आणि ऐकून घेण्याची सवय.

चित्रे काढणारी सर्वच मुले चित्रकार होत नाहीत आणि व्हावीत अशी अपेक्षाही नसते. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास, आपले चित्र हुबेहूब येत नाही असे वाटून पुष्कळांचा हात आखडतो. तोपर्यंतची पाच-सहा वर्षे मात्र प्रत्येकाला मिळतात. त्या वर्षांत मुलाने काढलेली कोंबडी कोणी किती जणांना दाखविली हे पुढे कोणाला आठवणार नाही. कोंबडीच्या पायाकडे उकिडवे बसून पाहण्याची सवय जडली असेल, तर ती जन्मभर पुरते. शेतावर, कारखान्यात, रुग्णालयात, जेथे जेथे नीट पाहणारा माणूस लागतो तेथे तेथे तिचा उपयोग होतो. म्हणून मूल कागद घेऊन धावत आले की हातातला फोन क्षणभर खाली ठेवावा, कागद दोन्ही हातांनी घ्यावा आणि आधी आपण तो पाहावा. कोणाला पाठवायचा ते मग त्याला विचारून ठरविता येईल.